हरवलेल्या पहिलटकरणी

धुळ्याच्या त्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. आत देव नव्हता, कम्प्युटर होता. त्याला धूळ चालत नसे, ऊन चालत नसे, आणि बहुतेक आमच्यासारखी माणसंही चालत नसावीत. त्याच्यासाठी खिडक्या बंद करून एसी बसवला होता. त्याच मजल्यावर बाळंतिणींच्या वॉर्डातले पंखे बंद पडलेले, आणि ऐन मे महिन्यात बायका पदराने बाळांना वारा घालत बसलेल्या असत. मी पहिल्याच दिवशी हे सरांना बोलून दाखवलं. सर म्हणाले, "डॉक्टर, बाळं गरम झाली तर रडतात. हा गरम झाला तर बंद पडतो." यावर हसावं की चिडावं हे मला तेव्हा कळेना. आता मी चिडते.

हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. मी जळगावला एका लहानशा प्रसूतिगृहात नोकरीला होते. सर धुळ्याच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात स्त्रीरोग विभागाचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली मी शिकलेली, त्यामुळे त्यांना "नाही" म्हणायची सोय नव्हती. त्यांच्या डोक्यात एक संशोधन होतं. पहिल्या बाळंतपणात रक्तदाब वाढून ज्या बायकांना झटके येतात, त्यांचं दुसऱ्या खेपेला काय होतं? अशा बाईला दुसऱ्या खेपेला आधीपासून भरती करून डोळ्यांसमोर ठेवावं, असं आम्ही शिकलो होतो. सरांना ही भीती उगाचची वाटे. खाटा अडतात, गरजू बाया व्हरांड्यात झोपतात, असं त्यांचं म्हणणं. "इंग्लंडातल्या बायकांचं काय होतं ते पुस्तकात आहे," ते म्हणत, "आपल्या खानदेशातल्या बायकांचं काय होतं ते आपल्याच केसपेपरांवरून काढू. सगळे केसपेपर एकदा आत गेले की हा मिनिटात उत्तर देईल."

केसपेपर आपोआप आत जात नाहीत, हे सरांना कुणी सांगायचं? धुळ्याचे त्यांनी माणसं लावून टाइप करून घेतले. जळगावचे माझ्या गळ्यात पडले. आमच्या गल्लीतल्या टायपिंग क्लासवाल्याने नवा कम्प्युटर घेतला होता, त्याच्याकडे दुपारी बसून मी जुने पिवळे कागद उलगडायची आणि एका बोटाने टाइप करायची. अर्धा तास झाला की वीज जायची. तासाभराच्या अंतरावर दीपनगरच्या वीज केंद्रात रात्रंदिवस कोळसा जळतो, वीज तयार होते, आणि ती कुठे जाते देव जाणे, आमच्याकडे तर येत नाही. वीज गेली की टाइप केलेलं सगळं गायब. परत पहिल्यापासून. सुटीच्या दिवशी फ्लॉप्या जेवणाच्या डब्यात घालायच्या, डबा पिशवीत, पिशवी मांडीवर, आणि एस.टी.ने एरंडोल, पारोळा करत धुळे गाठायचं. रस्त्यात शेजारची बाई हमखास विचारायची, डब्यात काय आणलं ताई? मी काय सांगणार? सांगायचे, तुम्हीच आहात त्यात.

जुळवाजुळवीचा प्रोग्राम पुण्याहून आलेल्या एका हुशार इंजिनियरने केला होता. बाईचं नाव, गाव आणि वय जुळलं की दोन बाळंतपणं एकाच बाईची. आडनाव लग्नानंतर बदलतं, हे लक्षात घेऊन त्याने आडनाव सोडून दिलं होतं. त्याचा त्याला फार अभिमान होता.

एके दिवशी सगळं आत गेलं, प्रिंटर करकरत सुरू झाला आणि कागदाच्या घडीमागून घडी जमिनीवर पडू लागली. झटके आलेल्या पहिलटकरणींची यादी होती ती. जवळजवळ प्रत्येक नावापुढे एकच शेरा होता: पुढील माहिती नाही. सर त्यांना "लॉस्ट" म्हणत. हरवलेल्या. ज्या चारदोन सापडल्या होत्या, त्यांना दुसऱ्या खेपेला काहीही झालं नव्हतं. सरांचा चेहरा खुलला. "बघा, परत येत नाहीत झटके. खाटा मोकळ्या करा, हे मी म्हणतच होतो."

मी यादी हातात घेतली. पारोळा तालुका, पारोळा तालुका, शिंदखेडा, साक्री, परत पारोळा. इतक्या बायका हरवायला काय इथे पूर आला होता?

"सर, या हरवलेल्या नाहीत. सासरी गेल्यात."

"म्हणजे?"

म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागतं याचा मला जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही. अहो, पहिलं बाळंतपण माहेरी होतं. पोरीला घेऊन बाप येतो. केसपेपरच्या खिडकीपाशी बाप उभा असतो आणि "हाई मनी पोर शे" म्हणून स्वतःच्या घरातलं नाव सांगतो, स्वतःचं गाव सांगतो. दुसरं बाळंतपण सासरी. तिथे खिडकीपाशी दीर नाहीतर सासू. ती सांगते ते नाव लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं असतं. नुसतं आडनाव नाही हो, बाईचं अख्खं नावच नवं. बरं, बाई स्वतः खिडकीशी आली तर? मग नवऱ्याचं नाव विचारलं की ती लाजून खाली बघते, कारण उखाण्याशिवाय ते नाव तोंडातून निघत नाही आणि केसपेपरच्या रांगेत उखाणा कोण घेणार? मागची बाई तिच्या वतीने काहीतरी सांगते, आणि कारकून ते लिहून मोकळा होतो. नाव वेगळं, गाव वेगळं, आणि वय तर प्रत्येक जण अंदाजानेच सांगतो. कम्प्युटरने बिचाऱ्याने जुळवायचं काय?

माझंच बघा. माझ्या पदवीवर एक नाव आहे, रेशनकार्डावर दुसरं. सरांच्या कम्प्युटरात घातलं असतं तर माझ्या दोन बाया झाल्या असत्या आणि त्यातली डॉक्टरीण हरवली असती.

सर ऐकून घेत होते. "इतकं सगळीकडे होतं?" त्यांनी विचारलं. आणि खुद्द त्यांच्या लग्नात, धुळ्यातल्याच मंगल कार्यालयात, त्यांनी बायकोचं नाव बदललं होतं. आम्ही विद्यार्थी पंगतीला होतो, तांदळाचं ताट आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण गुरू पडले. ते म्हणाले, "असं असेल तर तुम्ही जुळवून आणा. एक तरी आणा. पुराव्याशिवाय मी निष्कर्ष बदलणार नाही."

ती यादी घडी घालून मी डब्याच्या पिशवीत टाकली. दर प्रवासात काढायची आणि वाचायची. नावं पाठ व्हायला लागली. पारोळा स्टँडवर पाण्याचा पेला घेऊन धावणारी एखादी बाई दिसली की वाटे, यादीतली हीच नसेल ना? असा वैताग.

आणि एक दिवस एक जण स्वतःहून जळगावला माझ्या टेबलासमोर येऊन बसली.

एरंडोलकडची बाई. दुसरी खेप, आठवा महिना नुकता लागलेला. बरोबर सासू, नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, आवाज असा की बाहेरच्या रांगेतल्या बायकाही सावरून बसल्या. मी पूर्वीचं विचारलं. उत्तर सासूने दिलं. "पहिलं बाळतपण माहेरले व्हयनं. पोर शे. बठ्ठं चांगलं व्हयनं." सगळं चांगलं झालं म्हणे. सून खाली मान घालून बसली होती. कागदावर "पूर्वीचा त्रास" या रकान्यात काहीच लिहिण्यासारखं नव्हतं. मी रक्तदाब घ्यायला तिची बाही वर केली, आणि पट्टा गुंडाळता गुंडाळता माझा हात थांबला.

हातावर गोंदलेलं होतं. हिरवट, थोडं पसरलेलं, जत्रेत गोंदवून घेतात तसं. वर तिचं नाव, खाली भावाचं. कागदावरचं नाव वेगळंच होतं. तांदळातलं नाव बदलता येतं, हातावरचं पुसणार कोण? हे गोंदलेलं नाव मला पाठ होतं.

"माहेर कुठलं गं?"

"पारोळाजवळनं," ती पुटपुटली.

"पहिलं धुळ्याला झालं का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा प्रश्न गिळला. सासू आमच्याकडे बघत होती. रक्तदाब होता रेघेवर. पायांवर किंचित सूज. दुसरी कुणी असती तर मीठ कमी कर, पंधरवड्याने ये, असं सांगून मी घरी धाडलं असतं. हिला धाडायचं म्हणजे एरंडोलच्या पलीकडच्या खेड्यात, जिथून रात्री गाडी नाही, तिथे नशिबावर सोडून देणं. मी सासूला सांगितलं, हिला आजच भरती करायची.

"आतेपासून ठेवीसन काय करतस डाक्टरीनबाई? दुखत खुपत काहीच नही. घर कापूस वेचाले पडेल शे."

"दाब वाढायला लागलाय, अक्का."

"माले बी वाढस. मी कोठे झोपी ऱ्हायनू?"

दहा वेळा सांगितलं, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी ओरडले की डॉक्टर मी आहे का तुम्ही? सासूने माझ्याकडे एक क्षण रोखून पाहिलं, मग पिशवी उचलली आणि "ठेवा मग, तुमनं राज शे," असं म्हणून सुनेसाठी चहा आणायला बाहेर गेली.

ती वळताच सुनेने माझा हात धरला. "ताई, त्यास्ले सांगू नका." मग भराभरा सगळं बाहेर आलं. धुळ्याला बाळंतपणात तिला झटके आले होते. शुद्धीवर आली तेव्हा बाळ कुशीत होतं आणि बाप रडत होता. डॉक्टरांनी बापाला बजावलं होतं, पुढच्या खेपेला सासरच्यांना सांगून ठेवा. बापाने ते ऐकलं आणि तिथेच पुरलं. झटके म्हणजे गावात फेफरं. फेफऱ्याची पोर गळ्यात मारली म्हणून सासरचे परत आणून सोडतील. तेव्हापासून आईबाप, ती आणि भाऊ, चौघांनी तोंडाला कुलूप लावलेलं. "मना संसार मोडी जाई, ताई. तुम्ही सांगशात ते बठ्ठं करस. पण कागदवर लिखू नका."

मला भयंकर राग आला. तिच्या बापाचा आला, फेफरं म्हणणाऱ्या गावाचा आला, तिचाही आला. अगं बाई, जिवावर बेतलं होतं, परत बेतेल, आणि तू संसाराचं काय घेऊन बसलीस? पण तिच्या जागी मी असते तर मी तरी काय केलं असतं, हा प्रश्न डोक्यात आला आणि त्याचाच जास्त राग आला. मी म्हटलं, "नाही लिहीत. पण बाळंत होईपर्यंत इथून हलायचं नाही."

ती खिडकीजवळच्या खाटेवर राहिली. सासू रोज यायची, भाकरी आणि वांग्याचं भरीत घेऊन, आणि रोज माझ्याशी भांडायची. आता तरी सोडा. किती दिवस? लोक काय म्हनतीन? मी रोज नाही म्हणायची. त्या भांडणाची वॉर्डातल्या बायकांना इतकी सवय झाली की सासूला यायला उशीर झाला तर त्या दाराकडे बघत बसायच्या.

एका दुपारी नर्स धावत आली. खिडकीजवळची म्हणते डोकं फुटतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. दाब कुठल्या कुठे गेला होता. औषध हाताशी होतं, टेबल हाताशी होतं, मी हाताशी होते. झटका यायच्या आत इंजेक्शन गेलं. संध्याकाळ व्हायच्या आधी मुलगी झाली, रडली, आणि आईने तिच्याकडे बघून आधी मला विचारलं, "माले काही व्हयनं का?" मी म्हटलं, काही नाही झालं. मग ती रडली. मीही बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

त्या आठवड्यात धुळ्याला गेले. चपला काढल्या. सरांनी विचारलं, "सापडली एखादी?"

"एक सापडली."

"वा! नाव सांगा, जोडून टाकू."

"नाव देणार नाही."

सरांना वाटलं मी थट्टा करते. मी जेवढं सांगता येण्यासारखं होतं तेवढं सांगितलं. सरांनी लगेच मुद्द्याचं विचारलं, "दुसऱ्या खेपेला झटके आले?"

"नाही."

"मग झालं की! माझंच म्हणणं सिद्ध झालं."

मी आयुष्यात गुरूंशी तशी कधी बोलले नव्हते. "सर, झटके आले नाहीत, कारण ती घरी नव्हती! तुमच्या हिशेबाने ती घरी असायला हवी होती, आणि मग आले असते, आणि ते कुणी टाइप केलं असतं? स्मशानात कम्प्युटर आहे का? तुम्ही इथे एसीत बसून म्हणणार, पुढील माहिती नाही."

सर चिडले नाहीत, उलट उत्साहाने म्हणाले, "मग आपण खिडकीवरच एक रकाना वाढवू. माहेरचं नाव. सगळा प्रश्न मिटला."

आजार म्हशीला आणि औषध पखालीला. "सर, खिडकीपाशी सासू उभी असते," मी म्हटलं. "ती बाई खोटं सांगेल. आणि मी तिला तसंच सांग म्हणेन." मी चपला घातल्या आणि मिळेल ती गाडी धरून जळगावला परत आले. आता यांच्याकडे जायचं नाही, असं ठरवूनच आले.

पण पुढच्या आठवड्यात सरांचाच फोन आला. आवाज पडलेला. "घरी विचारलं. आमच्या हिचे पहिल्या खेपेचे कागद माहेरच्या नावावर आहेत. म्हणजे आपल्या कम्प्युटरच्या हिशेबाने तीही..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही करून दिलं नाही. पुढे त्यांनी निबंध वाचला, तेव्हा त्यात खाटा मोकळ्या करण्याबद्दल चकार शब्द नव्हता. बहुसंख्य स्त्रियांचा माग न लागल्याने निष्कर्ष काढता येत नाही, एवढंच होतं. सभागृहात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी एकटीने वाजवल्या.

त्याआधीची गोष्ट मात्र सांगायची राहिली. सव्वा महिन्याने ती बाळाला घेऊन तपासायला आली. बरोबर अर्थातच सासू. दाब उतरला होता, सूज नव्हती. सून बाळाला टोचून घ्यायला पलीकडच्या खोलीत गेली. मला वाटलं, आता दुसऱ्यांदा मुलगीच झाली म्हणून सासू सुरू करणार. मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या.

सासूने आधी दाराकडे पाहिलं. मग खुर्ची माझ्याजवळ ओढली. एवढ्या हळू आवाजात ही बाई बोलू शकते हे मला ठाऊकच नव्हतं.

"डाक्टरीनबाई, तुम्ही तिले ठेवी लिधं, भलं करं. धुळाले तिले झटका उनतात ना पहिली खेपले."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पारोळाना बजारमा मनी भाची बसस. तिनी माले तवयच सांगं. म्हनीसन तं मी इले गावमा न ठेवता जळगावले लई उनू."

आधीपासून ठाऊक होतं, म्हणूनच ती सुनेला जळगावला घेऊन आली होती. मग इतके दिवस, रोज, भाकरीच्या फडक्यासकट, ही बाई माझ्याशी भांडत होती ते कशाला? सोडा म्हणून माझा जीव खात होती ते कशाला? मी तिला तेच विचारलं, आणि माझा आवाज नको तितका चढला.

तिने तोंडावर बोट ठेवलं. "हळू! मी लगेच हा म्हनी दिधं असतं, ते तिले समजी जातं ना, का माले ठाऊक शे. मंग ती मनासमोर मान वर कशी करती? तिना बापनी लाज कोठे ऱ्हाती?"

पलीकडे बाळ टोचल्यावर रडायला लागलं. सासू उठली, पदर सारखा केला, आणि दाराकडे जाता जाता वळून म्हणाली,

"तिले सांगू नका."

सून बाळाला घेऊन आत आली. "सासूबाई काय म्हनतीत, ताई?" तिने भीत भीत विचारलं. तोवर सासूचा आवाज मूळ पट्टीवर आला होता. एवढे दिवस अडकवीसन ठेवं, कापूस बठ्ठा वाया गया, असं ती रांगेतल्या बायकांना ऐकवत होती.

मी केसपेपर पुढे ओढला. "पूर्वीचा त्रास" या रकान्यात एक आडवी रेघ मारली आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.